अंगावरची, वाटेवरची

ट्रोट्रोतून उतरले, पाठीवरच्या ओडार्लेला खाली ठेवलं आणि पाठीचं कापड झटकून पुन्हा बांधायला घेतलं, तेवढ्यात पोरीनं ते केलं. दोन्ही तळहात रस्त्यावर टेकले, ढुंगण आभाळाकडे केलं आणि आपल्याच पायांच्या फटीतून मागचा रस्ता न्याहाळत उभी राहिली. मागे ती भाड्याची खटारा गाडी तशीच उभी होती. ड्रायव्हरनं भोंग्यावर हात ठेवला, पण वाजवला नाही. खिडकीतल्या एका बाईनं मान बाहेर काढून विचारलं, "कोण येतंय गं मागून?" आणि आख्खी गाडी हसली. मीही हसले. मूल असं वाकून पायांतून बघायला लागलं की ते पाठच्या भावंडाची वाट बघतंय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हसता हसता माझ्या बेंबीखाली काहीतरी लचकलं. जिना संपला असं वाटावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं. मी तिला उचललं तर ती निसटून परत खाली उतरली आणि परत वाकली. तिला तिथून काय दिसत होतं कोण जाणे. उलटी दुकानं, उलटी माणसं आणि संध्याकाळचा धुरळा, याशिवाय तिथे काही नव्हतं.

नेमकी कोपऱ्यावर फोफो मावशी केंके विकायला बसलेली. माझ्या आईची ही धाकटी बहीण, आणि हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मक्याच्या पात्यात गुंडाळलेला गरम गोळा तिनं गिऱ्हाइकाच्या हातात अर्धवट दिलेला तसाच धरून ठेवला. आधी पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे. "अमेर्ले," एवढंच म्हणाली. माझं नाव ती असं घेते तेव्हा पुढचं सगळं घरी जाऊन बोलायचं असतं. मी मिरच्या घेतल्या, समोरच्या टपरीवर थोडा वेळ उभी राहिले, उगाच. घरी पोचले तोवर अंगणातल्या सगळ्या बायांना माझे दिवस कधी भरणार तेसुद्धा ठरवून झालं होतं. आईनं माझ्या डोक्यावरचं गाठोडं स्वतः उतरवून घेतलं. असं तिनं ओडार्लेच्या वेळी सुद्धा केलं नव्हतं.

आता गंमत अशी की, नाही म्हणायला माझ्याकडे पुरावा कुठे होता? ओडार्ले झाल्यापासून मला पाळी आलेलीच नव्हती. पोरगी चालायला लागली, पळायला लागली, शेजारणीला शिव्या द्यायला शिकली, तरी नाही. अंगावर पीत होती ना. सकाळी डोळे उघडायच्या आधी, दुपारी, पडली की, रडली की, काही कारण नसलं की. प्यायला लागली की तिचा एक हात माझ्या कमरेच्या मण्यांकडे जायचा. कमरेचे मणी आमच्यातली प्रत्येक बाई घालते, कापडाच्या आत, नवऱ्यापुरते. ती ते एकेक करून सरकवायची, टिक, टिक, टिक, आणि डोळे अर्धे मिटायची. दूध सुटताना छातीत जी झिणझिण येते तिला मी काय म्हणू? मला तर वाटायचं की मीच कुठेतरी पीत आहे. लग्न उशिरा झालेलं, पोर त्याहून उशिरा. इतकी वर्षं लोकांच्या बारशांना पांढरी कापडं नेसून जाऊन आले होते मी, आणि पहाटे तान्ह्याला पहिल्यांदा अंगणात आणून दाखवतात तेव्हा पुढे न जाता मागच्या रांगेत उभी राहिले होते. त्यामुळे ओडार्ले अंगावर लोंबकळली की मला कधी ओझं झालं नाही. पिते तर पिऊ दे, माझं काय जातंय?

पण मला दुसरीही हवी होती. हे मी उघड सांगते, लाज कसली. हवी होती म्हणजे जिभेवर चव असावी तशी हवी होती. आणि तिचं नाव ठरलेलं होतं, हा तर आमचा आणखी एक छळ. माझ्या नवऱ्याच्या घराण्यात पहिल्या मुलीचं नाव काय, दुसरीचं काय, मुलगा झाला तर काय, हे सगळं पणज्या-खापरपणज्यांनी कधीच ठरवून ठेवलंय. पहिली ती ओडार्ले, दुसरी ती ओडार्को. नाव आधी, माणूस नंतर. त्यामुळे जी अजून कुठेच नव्हती तिच्याबद्दल सगळी गल्ली एखाद्या उशीर झालेल्या पाहुणीबद्दल बोलावं तशी बोलायची. ओडार्को कुठे अडकली गं, असं म्हाताऱ्या विचारायच्या. मुलगा झाला तर त्याचंही नाव होतंच, पण मला का कोण जाणे, ओडार्कोच दिसायची. बाजारात गिऱ्हाईक नसलं की मी तिच्याशी बोलायचे. तुझी ताई आज माझ्या गल्ल्यात थुंकली, असं सांगायचे. अडतिशी उलटून गेली होती माझी. नाव थांबू शकतं, घराण्यात अजून शंभर वर्षं थांबेल. माझं अंग थांबणार होतं का?

तर मी क्वातेईकडे परत जायला लागले होते. क्वातेई म्हणजे माझा नवरा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, हाताला कायम तेलाचा वास. आमच्या गल्लीत लग्न झालं म्हणून बाई आईचं घर सोडत नाही. बाया बायांच्या घरात, पुरुष पुरुषांच्या घरात, आणि दोन्हींच्या मध्ये एक गटार, एक न्हावी आणि म्हाताऱ्या बायांचा एक बाक. संध्याकाळी बायको जेवणाचं भांडं डोक्यावर घेऊन नवऱ्याकडे जाते, आणि राहायचं असेल तर राहते. पोर झालं की मात्र हे बंद. पोर अंगावर आहे तोवर भांडं घेऊन धाकटी चुलत बहीण जाते, आणि ती भांडं ठेवून लगेच परत येते. पोर अंगावर पीत असतानाच मी भांडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, तेव्हा बाकावरचं बोलणं थांबलं. पहिल्या दिवशी तर मला वाटलं की माझ्या डोक्यावर भेंडीचं कालवण नसून ढोल आहे आणि तो आपोआप वाजतोय. वर दिवस ढोलबंदीचे. सणाच्या आधी देवांना निवांतपणा हवा म्हणून आमच्याकडे ढोल-ताशे सगळे बंद असतात. इतकी शांतता की माझ्या चपलांचा आवाज न्हाव्याच्या दुकानापर्यंत जायचा. एक म्हातारी म्हणाली, "भांडं जड दिसतंय." दुसरी म्हणाली, "जाताना जड, येताना हलकं." मी मान ताठ ठेवली. डोक्यावर भांडं असलं की मान ताठ ठेवावीच लागते, तेवढं बरं असतं. आणि क्वातेईच्या खोलीत, दाराबाहेर त्याचा काका मासळीचे काटे चोखत बसलेला असताना, तोच तेलाचा वास असलेला हात माझ्या मण्यांवरून फिरला तेव्हा मला हसू आवरेना. दिवसभर पोरगी आणि आता हा. मणी झिजणार माझे.

त्या संध्याकाळी, पोरगी रस्त्यात वाकली त्या संध्याकाळी, आईनं मला माशाचं डोकं वाढलं. मोठं, डोळ्यासकट. मी खाल्लं. म्हटलं, कोण जाणे, असेलही. पोरींना कळतं म्हणतात. जेवताना मी हळूच पोटावर हात ठेवून बघितला आणि इतका आनंद झाला की माशाचा डोळासुद्धा चोखून काढला. मग आई म्हणाली, उद्यापासून पोरीचं दूध तोडायचं. अगदी साध्या आवाजात म्हणाली, मीठ कमी आहे म्हणावं तसं. पोटात एक आणि अंगावर एक, असं चालत नाही, म्हणाली. पोटातल्याचं दूध बाहेरच्याला बाधतं. "तुला मी सांगायला हवं? तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

मला माहीत होतं म्हणजे मला सांगितलेलं होतं. मी अंगावर असतानाच आईला अमातेईचे दिवस राहिले. अमातेई माझा पाठचा भाऊ, आता तेमा बंदरात क्रेन चालवतो, बैलासारखा आहे. त्याच्यासाठी माझं दूध तोडलं, आणि मग मला ते झालं. पाठचं भावंड आलं की आधीच्या पोराला होतं ते. पोट मडक्यासारखं, पाय सुजलेले, केस नारळाच्या काथ्यासारखे तांबडे, आणि हसणं बंद. आमच्या भाषेत त्या दुखण्याला शब्द आहे, क्वाशिओर्कोर, आणि तो शब्द जगभरच्या डॉक्टरांनी आमच्याकडूनच उचलला. मला आठवत काहीच नाही. आठवतं म्हणजे एक भिंत आठवते, तिच्यावर ऊन, आणि मी त्या उन्हाकडे बघत बसले आहे आणि मला काहीच नको आहे. ते खरंच आठवतं की ऐकून ऐकून मी ते रंगवलंय, सांगता यायचं नाही. दवाखान्यात आईला सगळ्यांसमोर बोलले म्हणे. मी वाचले, केस काळे झाले, हसायला इतकी शिकले की बाजारात माझं हसणं तीन रांगा पलीकडे ऐकू जातं. पण आई माझ्या केसांना तेल लावताना अजूनही एखादा केस उजेडात धरून बघते. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं की ती उवा शोधते.

दुसऱ्या दिवशी तिनं कडुनिंबाचा पाला वाटला. सकाळी मला समोर बसवून स्वतःच्या बोटांनी छातीला फासला, हिरवा, ओला, दात शिवशिवतील इतका कडू वास. मी बसून राहिले. ओडार्ले आली, तोंड लावलं, आणि तिचा चेहरा असा झाला की फोफो मावशीसुद्धा पोट धरून हसली. पोरगी मागे सरली. माझ्या छातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "घाण," म्हणाली. मग माझ्याच कापडाचं टोक घेतलं, त्यावर थुंकली, छाती नीट पुसून काढली, चहूबाजूंनी, आणि प्यायला बसली. एवढं आम्ही तिला ताट पुसायला शिकवलं नव्हतं. सगळ्या बाया हसल्या, आई नाही हसली. म्हणाली, पाला रोज लावूच, पण आता पोर दिवसभर नजरेआड ठेवायची. त्या दिवसापासून मी बाजारात एकटी जायला लागले आणि ओडार्ले कोपऱ्यावर मावशीच्या केंकेच्या पातेल्याशेजारी बसायला लागली. सकाळी मी ट्रोट्रोत चढले की ती रडायची. मोठ्यानं नाही, आत ओढून ओढून. ढोलबंदीच्या शांततेत ते रडणं गाडीच्या मागे मागे येत राहायचं, दोन थांबे तरी.

कांटामांतोच्या बाजारात मी ब्रा विकते. परदेशातल्या बायांनी टाकलेल्या, गासड्या भरून येतात, आम्ही गासडी फोडतो आणि चांगलं वरती, वाईट खालती लावतो. पंधरा वर्षं मी हेच करते आहे, बाई समोर आली की नुसतं बघून माप सांगते. लोकांच्या छात्या सांभाळणारी मी, आणि त्या दिवसांत माझ्याच छातीला काय करू कळेना. दुपार झाली की दगड व्हायच्या. शेजारच्या दुकानात एखादं तान्हं रडलं की आपोआप सुटायचं, पुढचा ब्लाऊज भिजायचा, मी समोर एखादी मोठी लाल ब्रा धरून गिऱ्हाइकाशी भाव करत राहायचे. माझी पोर कोपऱ्यावर उपाशी नव्हती, मावशी तिला केंके, मासा, अंडं भरवत होती, ती खातही होती, चांगली दोन हातांनी. पण दूध वाया चाललं होतं. ओडार्कोसाठी, जी आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी दवाखान्यात गेले. नर्स माझ्याहून लहान होती, डोळ्यांखाली काळं, बिचारी दमलेली. लघवीची तपासणी केली आणि म्हणाली, नाही, तुम्हाला दिवस गेलेले नाहीत. मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. मी तिला सगळं सांगितलं, पोरगी रस्त्यात वाकली तेही. ती हसली, म्हणाली, माझी पण वाकते, वाकू दे. मग तिनं मला समजावलं की पोर सारखी पीत असते तोवर अंग दुसरं धरायला तयार होत नाही. दिवसाचं पाजणं कमी झालं की बऱ्याच जणींची पाळी सुरू होते. पाळी आली की समजा दार उघडलं. कुणाचं लवकर उघडतं, कुणाचं दूध पूर्ण तोडल्यावरच उघडतं. मी विचारलं, आणि पाजत असतानाच राहिलं तर? पोरीला बाधतं ना? ती म्हणाली, पोरगी नीट खातपीत असेल तर दुधानं काही बाधत नाही, कुणी सांगितलं? मी कुणी सांगितलं ते बोलले नाही. उठता उठता तीच म्हणाली, "पण ताई, वयाकडे लक्ष ठेवा. ते काही कुणासाठी थांबत नाही."

बाहेर आले आणि नारळ विकणाऱ्याच्या गाडीजवळ बराच वेळ उभी राहिले. नारळ घेतला, प्यायले, खोबरंही खरवडून खाल्लं. म्हणजे ओडार्को नव्हतीच. मला रडायला यायला हवं होतं, आणि आलं नाही. उलट मला असं वाटलं की ती नुसती बसची वाट बघत कुठेतरी उभी आहे आणि मी इथे. दोघी उभ्या. पण मग ओडार्लेचं आत ओढलेलं रडणं आठवलं. दूध सगळं तोडलं तर दार उघडेल, कदाचित. नाही तोडलं तर उघडेल, कदाचित. नाहीतर मी दोघींच्या मध्ये चाळिशी गाठेन. हातचं सोडून पळत्यापाठी लागायचं, तर पळतं हातात येईल याची खात्री कोण देतो? आणि हातचं धरून बसायचं, तर पळतं पळूनच गेलं म्हणजे? घरी जाऊन मी काही सांगितलं नाही. आईनं पुन्हा माशाचं डोकं वाढलं. मी तेही खाल्लं, निर्लज्जासारखं. आणि जेवण झाल्यावर अंघोळीला जाते म्हणून न्हाणीत शिरले, ओडार्लेला काखेत मारून, कडी लावली, उलट्या बादलीवर बसले आणि पाजलं. तिनं एका हातानं मणी शोधले. डोळे मिटताना ती हसत होती आणि दूध तिच्या ओठांच्या कडेनं गळत होतं. त्या अंधाऱ्या, शेवाळाच्या वासाच्या न्हाणीत मला इतकं सुख झालं की मी तोंडावर हात ठेवला. मग रोजच माझी अंघोळ लांबायला लागली.

क्वातेईला मात्र खरं सांगितलं. तो चटईवर बसून माझ्या हातची भेंडी खात होता. ऐकून घास हातातच राहिला. "म्हणजे ओडार्को नाहीच?" म्हणाला. मी म्हटलं, आहे, अजून निघाली नाही. बाहेर काका खाकरला. मग क्वातेई म्हणाला, निघू दे निवांत, मलाही कुठे वेळेवर यायला जमतं. मी म्हटलं, थट्टा नको, माझं वय बघ, आई म्हणते तसं सगळंच तोडलं तर लवकर होईल कदाचित. तर त्यानं बोटं चाटली, हात पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं आणि दुसऱ्याला बसवायचं, असं मी तरी कुणाला करणार नाही. ओडार्को आली आणि तिला हे कळलं, तर तिला काय वाटेल?" मी या माणसावर खूप वर्षांपूर्वी का भाळले होते ते मला मध्येमध्ये विसरायला होतं, कारण तो घोरतो. त्या संध्याकाळी आठवलं.

पण आईचं काय करायचं? तिला खोटं सांगून मासे खाणं एक, आणि तिच्या भीतीसमोर उभं राहणं दुसरं. ती दुष्ट नव्हती. ओडार्ले खेळून आली की ती तिचे पाय दाबून बघायची, बोटाचा खड्डा राहतो का. पोरीचे केस उन्हात धरायची. मी बघायचे आणि माझ्याच पायांत काहीतरी जड व्हायचं. एका दुपारी, बाजार लवकर उरकला होता, ती अंगणातल्या मातीच्या भट्टीवर मासे धुरवत होती. धूर तिच्या डोळ्यांत जात होता, तशीच उभी. मी शेजारी जाऊन जाळी धरली. आम्ही दोघी मासे उलटत होतो. नर्सनं सांगितलेलं माझ्या डोक्यात दिवसचे दिवस फिरत होतं, आणि त्याच्याभोवती ती उन्हाची भिंत, आणि मला काही नको असणं. मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं.

"आई, मी आजारी कधी पडले? दूध तोडायच्या आधी की नंतर?"

आईनं एक मासा उलटला. मग दुसरा.

"नंतर," ती म्हणाली.

"आणि दूध तुटल्यावर मला काय देत होतीस?"

"काय देणार? पेज. मक्याची पेज. तुझ्या आजीनं सांगितलं, पेज दे." तिनं डोळे पुसले, धुराचे. "आधी तू अशी होतीस. हिच्यासारखी." कोपऱ्याकडे, जिथे ओडार्ले मावशीच्या पातेल्याशी बसली असेल तिकडे, तिनं हनुवटी केली. मग मला कोपरानं ढकललं. म्हणाली, सरक, मासे जळतील. मी सरकले. मी तिला दुखवलं होतं, आणि दुखवून मला बरं वाटत नव्हतं, आणि तरी जे खरं होतं ते आता आम्हा दोघींच्या मध्ये अंगणात उभं होतं आणि त्याला आत ढकलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं कडुनिंब वाटला नाही. नुसता पाटा धुऊन उभा करून ठेवला. ओडार्ले मात्र दिवसा मावशीकडेच राहिली. ते कुणी बदललं नाही, मीही नाही, कारण तिला तिथे आता मजा वाटायला लागली होती. गिऱ्हाइकांना सुटे पैसे तीच द्यायची आणि परतही घ्यायची.

आणि मग बाजारात, गासडी फोडताना, ते झालं. मंगळवार होता, होड्या समुद्रात जात नाहीत तो दिवस, म्हणून बाजारात गर्दी. पट्ट्या तोडल्या, गासडी उघडली, त्या टाकलेल्या कपड्यांचा साबणी, परका वास उठला आणि आम्ही सगळ्या तुटून पडलो, मी एक काळी झालरवाली ओढत होते, दुसऱ्या टोकाला आणखी कुणीतरी, आणि माझ्या मांडीवरून काहीतरी कोमट गेलं. मला कळलंच नाही. म्हणजे अंगाला कळलं, मला कळलं नाही. मी झालरवाली सोडून दिली. ज्या बाईला ती मिळाली ती माझ्याकडे बघत राहिली, कारण मी आजवर काही सोडलेलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या पडद्याआड गेले, कापड वर केलं. होतं. लाल, खरं, माझं. मला वाटलं, लहानपणी पहिल्यांदा आलं होतं तेव्हा मी किती रडले होते, आणि नंतर लग्न झाल्यावर वर्षानुवर्षं दर महिन्याला हे बघून किती रडले, दर वेळी वाटायचं, परत रिकामी. आणि आज मी त्याच डागाकडे बघून हसत होते, पडद्याला धरून, आवाज न करता, पोट दुखेपर्यंत. पोरगी अंगावर होती, काल संध्याकाळीही प्यायली होती, आणि दार उघडलं होतं. दोन्ही. शेजारच्या दुकानवालीनं पडदा बाजूला करून विचारलं, काय गं, काय झालं? मी म्हटलं, पाळी आली. तिनं मला वेड लागलं असं समजून एक जुनं फडकं दिलं.

दुकान तिच्यावर सोडून घरी निघाले. ट्रोट्रोत शेजारच्या माणसालाही सांगावंसं वाटत होतं. कोपऱ्यावर ओडार्ले मावशीच्या मांडीवर झोपली होती, तोंडाला मासा लागलेला. तिला उठवलं नाही. घरी आई अंगणात एकटीच कपडे पिळत होती. मला भरदुपारी बघून तिचे हात थांबले. माझ्या कापडाकडे तिची नजर गेली, मी घाईत नीट गुंडाळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. "पोट पडलं?" तिनं विचारलं. इतक्या हळू की मला तिच्या ओठांवरून कळलं.

"नाही आई. पडलं नाही. महिन्याचं आलं."

तिला समजायला वेळ लागला. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. की पोटात कुणी नव्हतं, कधीच नव्हतं. की नर्सनं तपासून सांगितलं होतं आणि मी गप्प राहिले. की आता होऊ शकतं, आता पहिल्यांदा होऊ शकतं, आणि पोरीचं दूध मी पूर्ण तोडलेलं नाही. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या हातातल्या पिळलेल्या कापडाकडे बघत होते, त्यातून अजून थेंब पडत होते. मला वाटलं ती ओरडेल. माशांच्या डोक्यांचा हिशोब मागेल. ती पालथ्या टोपल्यावर बसली. "म्हणजे मी इतके दिवस," ती म्हणाली आणि थांबली. मग तिच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. तोंडात दात कमी, त्यामुळे तिचं हसणं आवाजाआधी दिसतं. "आणि न्हाणीत पाजतेस ते मला माहीत नाही, असं वाटलं तुला? पाणी न सांडता एवढा वेळ कोण अंघोळ करतं?" ती रोज संध्याकाळी न्हाणीसमोरच कपडे वाळत घालत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणी तिकडे फिरकू नये म्हणून.

तेवढ्यात मावशी ओडार्लेला घेऊन आली. मला दुकान सोडून आलेलं तिनं कोपऱ्यावर बघितलं होतं, बातमी हवी होती. पोरगी झोपेतून उठून चिडलेली, मावशीच्या काखेतून घसरली आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या मांडीवर चढून ब्लाऊज ओढायला लागली. मी तिचे हात धरले. भर अंगणात, आईसमोर, मावशीसमोर, इतक्या दिवसांची सवय. ओडार्ले आत ओढून रडायला लागली, तसंच, गाडीमागे यायचं तसं. आई उठली. ओल्या हातांनी तिनं माझे हात पोरीच्या हातांवरून काढले, एकेक बोट सोडवून.

"पाज तिला," आई म्हणाली.

मावशी म्हणाली, अगं पण पोट?

"दुसरी येईल तेव्हाही पाज," आई माझ्याकडेच बघत म्हणाली. "दोघींनाही पाज. देवानं दोन काय शोभेला दिलेत?"